वाट चुकलेल्या बीजपेशी

आज ज्या रोगाविषयीं मी बोलणार आहें, त्याचें नांव आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या कानांवरून गेलें असेल. मेंदूंत उद्भवणाऱ्या बीजपेशींच्या गाठी हा तो रोग. तो दुर्मिळ आहे. पुष्कळ डॉक्टरांना उभ्या आयुष्यांत त्याचा एखादाच रोगी पाहावयास मिळतो, आणि कित्येकांना तोही नाहीं. मग अशा रोगासाठीं नभोवाणीचा वेळ कां घ्यावा, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर असें कीं, मेंदूंतील गाठ म्हटली म्हणजे आपल्या मनाचा जो थरकांप होतो, तो या गाठींच्या बाबतींत पुष्कळ अंशीं अनाठायीं आहे. त्यांतील सर्वांत अधिक आढळणारी गाठ योग्य उपचारांनीं बहुतेक रोग्यांत पूर्ण बरी होते. परंतु ती वेळेवर ओळखली जात नाहीं. तिची पहिली खूण पुष्कळदां दवाखान्यांत दिसत नाहीं. ती आपल्या घरांतच दिसते, आणि तीही डोक्यापाशीं नव्हे, तर पाण्याच्या माठापाशीं.

एक चित्र डोळ्यांपुढें आणूं या. तें कल्पित आहे. पण या रोगाच्या हकिकती ज्यांनीं ऐकल्या आहेत, त्यांना तें ओळखीचें वाटेल. बारा वर्षांचा एक मुलगा. वैशाखांत त्याची तहान वाढली. आजी म्हणाली, "उन्हाचे दिवस, पोरें हुंदडतात, पाणी पिणारच." मृग बरसला, हवा गार झाली, तरी तांब्यामागून तांब्या रिकामा होतच राहिला. रात्रीं तो तीन-चार वेळां उठूं लागला; उशाशीं पाणी भरून ठेवल्याशिवाय त्याला झोप येईना. तासातासाला बाहेर जाण्याची परवानगी मागतो म्हणून शाळेंत गुरुजी रागावले. वडिलांनीं लघवी तपासून आणली. तींत साखर नाहीं असें कळतांच सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला आणि ही एक संवयच आहे असें ठरलें. पुढें दिवाळी आली. गेल्या वर्षींचे कपडे मुलाला यंदाही नीट बसले. आई म्हणाली, "बरें झालें, एक खर्च वांचला." त्या वाक्यांत रोगाचें दुसरें लक्षण दडलेलें होतें. मुलाची उंची वर्षभर वाढली नव्हती! पुढें फळ्यावरील अक्षरें दिसेनाशीं झालीं, तेव्हां चष्म्यासाठीं डोळे तपासले. दोन्ही बाजूंची नजर अधू झाली आहे असें पाहून नेत्रवैद्यानें मेंदूचें चित्र काढावयास सांगितलें. तोंवर दीड वर्ष लोटलें होतें.

या घरांत कोणीही हयगय केली नव्हती, ही गोष्ट ध्यानांत घ्या. प्रत्येकानें आपापल्या परीनें शहाणपणाचाच अर्थ लावला. चूक एवढीच झाली कीं, खुणा एकेकट्या पाहिल्या गेल्या. त्या एकत्र मांडून कोणी पाहिल्या नाहींत.

आतां त्या तहानेचें मूळ पाहूं. प्रौढ माणसाच्या मूत्रपिंडांतून दररोज सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतील जवळजवळ सर्व पाणी मूत्रपिंडें पुन्हा शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढें मूत्ररूपानें बाहेर टाकतात. पाणी किती राखावयाचें, ही आज्ञा मेंदूंतून येते. मेंदूच्या तळाशीं, दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथें एकमेकींना छेदतात त्याच्या लगत, हायपोथॅलॅमस नांवाचा भाग आहे. तेथें व्हॅसोप्रेसिन हा अंतःस्राव तयार होतो आणि एका बारीक देठांतून खालच्या पिट्यूटरी ग्रंथींत, म्हणजे पोषग्रंथींत, उतरतो. हा देठ किंवा त्याचें मूळ दुखावलें कीं आज्ञा थांबते; मग दिवसाला पांच-दहा लिटर मूत्र पाण्यासारखें वाहून जातें आणि तितकेंच पाणी पिणें भाग पडतें. म्हणजे येथें तहान हा रोग नव्हे. शरीरानें रोगाशीं चालविलेली ती झुंज आहे. मधुमेहांत मूत्र गोड असतें, यांत तें बेचव असतें; म्हणून या विकाराला डायबिटीस इन्सिपिडस, म्हणजे बेचव प्रमेह, असें जुनें नांव आहे. २०२२ मध्यें तज्ज्ञांनीं त्याला 'व्हॅसोप्रेसिनची उणीव' असें नवें नांव सुचविलें, तें याचसाठीं कीं मधुमेहाशीं त्याची गल्लत होऊं नये. लघवींत साखर सांपडली नाहीं म्हणजे मधुमेह नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. तहानेला कारणच नाहीं, असें सिद्ध होत नाहीं.

त्या देठापाशीं वाढते ती गाठ कोणत्या पेशींची? येथें या रोगाची खरी विलक्षण कथा सुरू होते. पुढें ज्यांच्यापासून स्त्रीबीज किंवा पुरुषबीज तयार व्हावयाचें, त्या मूळ बीजपेशी गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत प्रथम ओळखूं येतात. पण त्या वेळीं त्या आपल्या कायमच्या स्थानीं नसतात. गर्भाला लागून असलेल्या पीतककोशाच्या भिंतींत त्या असतात. तेथून त्या निघतात, आंतड्याच्या भिंतींतून वाट काढीत सरकतात, आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास, जेथें अंडकोश किंवा वृषण घडावयाचे असतात तेथें जाऊन पोंचतात. शरीरांतील फारच थोड्या पेशी एवढा लांबचा प्रवास करतात. पंढरीच्या वाटेवरील दिंडींतून एखादा वारकरी मागें राहावा किंवा भलत्याच फांट्यानें जावा, तशा यांतील कांहीं पेशी वाट चुकतात. बहुतेक चुकलेल्या पेशी मरून जातात. तशी निसर्गाची योजनाच आहे. क्वचित् एखादी मरत नाहीं. ती शरीराच्या मध्यरेषेवर कोठें तरी वस्ती करते. माकडहाडापाशीं, छातीच्या पोकळींत, किंवा मेंदूंत ती वर्षानुवर्षें निपचित पडून राहते आणि मूल वयांत येऊं लागण्याच्या सुमारास वाढूं लागते. या रोगाचे बहुतेक रोगी दहा ते वीस वर्षांचे असतात, तें यामुळें असावें असा तर्क आहे. कांहीं संशोधकांचें मत निराळें आहे. त्यांच्या मतें मेंदूच्याच मूळपेशी उलट्या वळून बीजपेशींचें रूप घेत असाव्यात. हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं. परंतु पुराव्याचा कल भटक्या बीजपेशींकडे अधिक आहे.

मेंदूंत या गाठींच्या आवडत्या जागा दोन. एक, मघां सांगितलेली पोषग्रंथीच्या वरची. आणि दुसरी, मेंदूच्या अगदीं गाभ्यांतील पिनिअल ग्रंथीची, जिला आपल्याकडे तृतीय नेत्र पिंड असेंही म्हणतात. तुरीच्या दाण्याएवढी ही ग्रंथि. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यानें सतराव्या शतकांत आत्म्याचें मुख्य आसन म्हणून हिचीच निवड केली होती. कधीं कधीं दोन्ही जागीं एकाच वेळीं गाठी आढळतात. पिनिअलच्या गाठी मुलांत मुलींपेक्षां पुष्कळच अधिक होतात. जपान व कोरिया या देशांत हा रोग युरोप-अमेरिकेपेक्षां अधिक आढळतो. तो कां, याचें समाधानकारक उत्तर अजून मिळालेलें नाहीं.

या गाठी पूर्वीं कोणाला नीट ओळखतां आल्या नाहींत, याचा इतिहासही बोधप्रद आहे. १८७५ मध्यें कार्ल वायगर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें पिनिअलमधील एका गाठीचें वर्णन केलें. तींत शरीराच्या निरनिराळ्या भागांतील ऊति एकत्र सांपडल्या होत्या. अशा गाठीला टेराटोमा म्हणतात. तींत केंस, कूर्चा, प्रसंगीं दांतही आढळतात. पुढें १८९८ मध्यें ओटो हॉइबनर या जर्मन बालरोगतज्ज्ञानें साडेचार वर्षांच्या एका मुलाची हकिकत मांडली. एवढ्याशा वयांत त्याच्या शरीरावर तारुण्याचीं चिन्हें उमटलीं होतीं, आणि त्याच्या पिनिअलमध्यें गाठ होती. त्यावरून, ही ग्रंथि तारुण्याला लगाम घालते आणि गाठीमुळें तो लगाम तुटतो, असा समज पसरला. अनुमान सुबक होतें, पण पुष्कळ रोग्यांच्या बाबतींत तें चुकीचें ठरलें. यांपैकीं कांहीं गाठी स्वतःच एचसीजी नांवाचा अंतःस्राव रक्तांत सोडतात, हें पुढें कळलें. हा अंतःस्राव एरवीं गरोदर स्त्रीच्या वारेंत तयार होतो, आणि गर्भ राहिला आहे कीं नाहीं हें पाहण्याच्या चाचणींत त्याचाच शोध घेतात. तो मुलाच्या वृषणांना चेतवितो आणि अकालीं तारुण्य आणतो. तुटलेल्या लगामाचा हा परिणाम नव्हता. ज्या जातीच्या पेशीपासून सारा गर्भ आणि त्याचें वेष्टन घडतें, त्या जातीची पेशी मेंदूंत बसून आपला जन्मजात उद्योग करीत होती.

१९२३ मध्यें डेन्मार्कच्या क्नुड क्राबे यानें या भागांतील गाठींना पिनिअलोमा हें नांव दिलें. जणूं त्या पिनिअलच्याच पेशींच्या होत्या! डोरोथी रसेल या इंग्रज विदुषीनें १९४४ मध्यें दाखवून दिलें कीं, यांतील पुष्कळशा गाठी पिनिअलच्या नसून टेराटोमाच्या कुळांतल्या आहेत. १९४७ मध्यें अमेरिकेच्या नॅथन फ्रीडमन यानें त्यांचें वृषणांतील गाठींशीं असलेलें एकरूपत्व मांडलें आणि त्यांना जर्मिनोमा म्हटलें. नांव बदललें, तसा उपचारांचा विचारही बदलला. कारण वृषणांतील त्या जातीच्या गाठी किरणांपुढें विरघळतात, हें वैद्यकाला ठाऊक होतें. मेंदूंतील बीजपेशींच्या गाठींपैकीं निम्म्याहून अधिक या जर्मिनोमा जातीच्या असतात.

पिनिअलच्या जागीं गाठ झाली तर तहानेची खूण बहुधा नसते. तेथें दुसऱ्या खुणा असतात. त्या ग्रंथीच्या खालूनच मेंदूंतील पाण्याची एक अरुंद वाट जाते. गाठीनें ती दाबली कीं पाणी तुंबतें. मग सकाळीं उठतांच डोकें दुखतें, उलटी होते, चालतांना तोल जातो. शिवाय दृष्टि वर नेण्याची शक्ति जाते. पॅरिसचे नेत्रवैद्य आंरी पारिनो यांनीं १८८३ मध्यें वर्णन केलेलें हें लक्षण आजही त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पतंग पाहतांना एखादा मुलगा डोळे वर न उचलतां सारी मानच मागें टाकूं लागला, तर तें लाडानें हंसण्यासारखें नव्हे. मात्र या खुणा ठसठशीत असल्यामुळें असे रोगी लवकर डॉक्टरांकडे पोंचतात. तहानेचे रोगी मागें राहतात.

हा रोग केवळ मनुष्याचा नाहीं. १९८८ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं पांच कुत्र्यांच्या मेंदूंतील अशाच गाठींचें वर्णन प्रसिद्ध केलें. कुत्र्यांतही त्यांची जागा मध्यरेषेवर, पोषग्रंथीच्या वरच आढळते. एकाच गाठींत निरनिराळ्या जातींच्या पेशी असतात. कांहीं वृषणांतील गाठीसारख्या दिसतात, कांहीं स्रवणाऱ्या ग्रंथींसारख्या, तर कांहीं त्वचेच्या थरासारख्या. आणि अल्फा-फीटोप्रोटीन हें गर्भावस्थेंतील प्रथिन त्यांतही सांपडतें. बहुतेक कुत्रीं ऐन उमेदीचीं, तीन ते पांच वर्षांचीं असतात. नोंदलेल्या रोग्यांत डॉबरमन जातीचीं कुत्रीं विशेष आहेत. डोकें दुखतें किंवा नीट दिसत नाहीं हें मुक्या जनावराला सांगतां येत नाहीं. त्यामुळें कुत्रा एकाएकीं आंधळा झाला, सुस्त पडून राहूं लागला, म्हणजेच मालकाचें लक्ष जातें, आणि तोंवर गाठ फार वाढलेली असते. पूर्वीं या गाठी पोषग्रंथीच्या साध्या गाठी समजल्या जात. पशुवैद्यकांत किरणोपचारांचे प्रयत्न झाले आहेत. पण अशा कुत्र्यांचें भवितव्य माणसाच्या मुलापेक्षां पुष्कळच वाईट असतें. उशीर म्हणजे काय, याचा हा मूक दाखला आहे.

उंदरांनीं या पेशींचा आणखी एक स्वभाव उघड केला. अमेरिकेच्या मेन प्रांतांतील जॅक्सन प्रयोगशाळेंत लेरॉय स्टीव्हन्स यांना '१२९' या वंशाच्या नर उंदरांपैकीं सुमारें शेंकडा १ उंदराच्या वृषणांत टेराटोमा आढळला. ही हकिकत १९५४ मध्यें प्रसिद्ध झाली. त्या गाठी मेंदूंतल्या नव्हत्या, परंतु पेशींचें कूळ तेंच. दहा वर्षांनीं, १९६४ मध्यें, क्लाइनस्मिथ व पिअर्स यांनीं अशा उंदरांच्या गाठींतील एकेक पेशी अलग करून दुसऱ्या उंदरांत वाढविली, आणि त्या एकाच पेशीपासून अनेक प्रकारच्या ऊति बनतात असें सिद्ध केलें. मेंदूंत केंस आणि दांत कोठून आले, या वायगर्टच्या काळापासूनच्या कोड्याचें उत्तर येथें मिळालें. ते बाहेरून आले नव्हते. सारें शरीर घडविण्याची शक्ति त्या एका पेशींतच होती.

२०१४ मध्यें 'नेचर' या नियतकालिकांत रोग्यांच्या गाठींतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक गाठींत 'किट' या जनुकांत किंवा त्याच्याच आज्ञासाखळींतील इतर जनुकांत बिघाड आढळला. हें जनुक कशासाठीं असतें? गर्भावस्थेंत प्रवास करणाऱ्या बीजपेशींना जिवंत ठेवण्यासाठीं आणि पुढें नेण्यासाठीं! जो संदेश प्रवासांत त्यांना तारतो, तोच चुकीच्या जागीं अखंड चालू राहिला म्हणजे रोग होतो.

निदानाच्या साधनांत आज मोठी प्रगति झाली आहे. चुंबकीय यंत्रानें, म्हणजे एमआरआयनें, मेंदूचें चित्र मिळतें. रक्तांत आणि पाठीच्या कण्यांतून काढलेल्या पाण्यांत एचसीजी व अल्फा-फीटोप्रोटीन मोजतात. त्यांचें प्रमाण फार वाढलेलें असेल तर गाठीचा तुकडा न काढतांही तिची जात कळते. एरवीं दुर्बिणीच्या साहाय्यानें बारीक छिद्रांतून तुकडा घेतात, आणि तुंबलेल्या पाण्याला त्याच वेळीं वाटही करून देतात. परंतु एक गोष्ट पालकांनीं अवश्य लक्षांत ठेवावी. तहान सुरू झाल्यावर काढलेलें पहिलें चित्र निर्दोष दिसूं शकतें, किंवा त्यांत देठ किंचित् जाड झाल्यासारखा दिसतो, एवढेंच. गाठ पुढें कांहीं महिन्यांनीं, प्रसंगीं कांहीं वर्षांनींही, डोळ्यांना दिसते. म्हणून व्हॅसोप्रेसिनची उणीव सिद्ध झाली आणि तिचें कारण सांपडलें नाहीं, तर ठराविक काळानें पुन्हा पुन्हा चित्र काढावें लागतें. "एकदां पाहिलें, कांहीं नाहीं" असें म्हणून प्रकरण मिटवूं नये.

आतां उपचार. जपानच्या मासाओ मात्सुतानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ मध्यें १५३ रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांत जर्मिनोमाचे शेंकडा ९२.७ रोगी दहा वर्षांनंतरही जिवंत होते. मेंदूच्या गाठीच्या बाबतींत हा आंकडा केवढा मोठा आहे, हें निराळें सांगावयास नको. उलटपक्षीं, अंतःस्राव आणि प्रथिनें ओकणाऱ्या उग्र जातीच्या ज्या गाठी होत्या, त्यांतील शेंकडा २७.३ रोगीच तीन वर्षें जगले. त्यानंतर औषधें आणि किरण यांची योग्य सांगड घातल्यानें त्या उग्र गाठींचेही बहुसंख्य रोगी वांचूं लागले आहेत. आपल्याकडेही हे उपचार उपलब्ध आहेत; मुंबईचें १९४१ मध्यें स्थापन झालेलें टाटा स्मारक रुग्णालय हें त्यांपैकीं एक प्रमुख ठिकाण.

परंतु बरें होणें म्हणजे सर्व कांहीं पूर्ववत् होणें नव्हे, आणि या रोगाच्या चिकित्सेंतील खरी अडचण येथेंच आहे. किरणांनीं गाठ विरघळते, पण वाढत्या मेंदूलाही त्यांचा उपद्रव होतो. स्मरणशक्ति व शिकण्याचा वेग मंदावूं शकतो, अंतःस्रावांचा समतोल ढळतो. गाठीच्या एका ठिकाणींच किरण द्यावेत, तर ती मेंदूंतील पाण्याच्या पोकळ्यांत पुन्हा डोकें वर काढते. सबंध मेंदू व कणा भाजावा, तर मुलाला आयुष्यभर किंमत मोजावी लागते. केवळ औषधांवर भिस्त ठेवून किरण अजिबात टाळावेत, असाही प्रयोग झाला. १९९६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ७१ रोग्यांच्या त्या आंतरराष्ट्रीय प्रयोगांत बहुतेकांच्या गाठी प्रथम विरघळल्या, पण जवळजवळ निम्म्या रोग्यांत रोग उलटला. म्हणून आज जर्मिनोमासाठीं पुष्कळ ठिकाणीं मध्यम मार्ग पत्करला आहे. आधीं औषधें, आणि मग पाण्याच्या पोकळ्यांपुरते, पूर्वींपेक्षां कमी मात्रेचे किरण. रोग किती लवकर ओळखला जातो, याचें महत्त्व येथें पुन्हा दिसतें. गाठ पसरण्यापूर्वीं सांपडली तर किरणांचें क्षेत्र लहान ठेवतां येतें, आणि दृष्टि जाण्यापूर्वीं सांपडली तर दृष्टि वांचते. तहानेचा विकार मात्र गाठ गेल्यावरही बहुधा राहतो; पण डेस्मोप्रेसिन नांवाच्या औषधाच्या गोळीनें किंवा नाकांतील फवाऱ्यानें तो ताब्यांत राहतो, आणि मूल शाळेंत जातें, खेळतें, मोठें होतें.

अशा घरांतील माता-पित्यांना एक प्रश्न रात्रंदिवस छळतो. आमचें काय चुकलें? गरोदरपणीं कांहीं खाल्लें असेल, ग्रहणाचें पाळलें नसेल, पूर्वजन्मींचें कांहीं असेल! घरांतील वडीलधारी माणसें कधीं नकळत, तर कधीं बोलून, या शंकेला खतपाणी घालतात. त्यांना माझें नम्र सांगणें असें कीं, आईच्या अमुक एका वागणुकीमुळें हा रोग होतो, असें कोठेंही सिद्ध झालेलें नाहीं. सहा आठवड्यांच्या गर्भांत, जेव्हां पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोंत हेंही पुरतें ठाऊक नसतें, तेव्हां एक पेशी वाट चुकली, एवढीच ती घटना असावी. ती डॉबरमन कुत्र्यांतही घडते, आणि त्या मुक्या आईनें कोणतें व्रत मोडलेलें असतें? आपल्या मुलाच्या आजारांत आईला दोषी ठरविण्यापेक्षां तिच्या निरीक्षणाचा उपयोग करून घेणें अधिक शहाणपणाचें आहे.

कारण निरीक्षण हेंच येथें पहिलें औषध आहे. मुलाची तहान ऋतु बदलला तरी कमी होत नसेल, रात्रीं त्याला पाण्यासाठीं व लघवीसाठीं वारंवार उठावें लागत असेल, तर एक पूर्ण दिवस व रात्र त्यानें किती पाणी प्यालें आणि किती मूत्र विसर्जन केलें, हें भांड्यानें मोजून कागदावर लिहा. दर सहा महिन्यांनीं मुलाला दाराच्या चौकटीशीं उभें करून उंचीची खूण करा. वयांत येण्याचीं चिन्हें फार लवकर दिसलीं किंवा वेळ उलटूनही दिसलीं नाहींत, तर लाजेनें गप्प बसूं नका. नजर अधू होते आहे काय, तें पाहा. आणि या सर्व गोष्टी एकाच कागदावर लिहून तो कागद डॉक्टरांपुढें ठेवा. यांतील प्रत्येक गोष्टीला शंभर निरुपद्रवी कारणें असूं शकतात, आणि बहुतेक मुलांत तींच असतात. घाबरून जाण्याचें मुळींच कारण नाहीं. परंतु तीन-चार खुणा एकत्र आल्या, तर एक तपासणी मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आणि एक गोष्ट कधींही करूं नका. संवय मोडण्यासाठीं मुलाचें पाणी तोडूं नका. त्याच्या शरीरांत पाणी राहत नाहीं म्हणून तें पाणी मागत असतें. अशा मुलाला तहानलेलें ठेवणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ होय. पाणी रोखून करावयाची एक चाचणी आहे खरी, पण ती रुग्णालयांत, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखतच व्हावी लागते.

श्रोतेहो, मघांच्या त्या मुलाच्या उशाशीं ठेवलेला तांब्या आठवा. दीड वर्ष तो रोज रात्रीं भरला जात होता आणि पहाटेपर्यंत रिकामा होत होता. आईनें भरला, आजीनें भरला, कधीं धाकट्या बहिणीनेंही भरला असेल. मायेनेंच भरला. आपल्या कोणाच्या घरीं असा तांब्या उशाशीं असेल, तर तो आजही मायेनें भरावाच. मात्र तो रात्रींतून कितीदां भरावा लागतो, हें मोजावयास विसरूं नये.